भाड्याने दिलेला फ्लॅट: कुठे सोडून द्यायचं आणि कुठे अडून बसायचं

फ्लॅट रिकामा झाला की पहिला आठवडा आपण सगळेच वाघ असतो. तीस हजारच्या खाली एक रुपया नाही, फॅमिलीच पाहिजे, तीन महिन्यांचं डिपॉझिट, नॉनव्हेज नको, कुत्रं नको. मग ईएमआय कापल्याचा मेसेज येतो, फ्लॅटचं कुलूप तसंच, आणि दुसऱ्या महिन्यात एजंट ज्याला घेऊन येईल त्याच्या हातात चावी देऊन मोकळे होतो, अॅग्रीमेंट "नंतर बघू" म्हणून. म्हणजे जिथे ढील द्यायची तिथे ताणून धरलं आणि जिथे ताणायचं तिथे सोडून दिलं. पुण्यात एकदोन फ्लॅट भाड्याने देणारे माझ्यासारखे बहुतेक लोक हेच करतात.

मी माझ्यापुरता एक निकष ठरवलाय. ज्या गोष्टीची किंमत आज रुपयात काढता येते आणि जी अकरा महिन्यांनी बदलता येते, तिथे तडजोड करायला लाजायचं नाही. ज्याची किंमत आज काढताच येत नाही, म्हणजे कागद, घरात नक्की कोण राहणार, गळती, तिथे समोरचा कितीही गोड बोलला तरी हलायचं नाही. खाली सगळं पुण्याच्या हिशोबाने लिहिलंय, कायदा महाराष्ट्राचा आहे, आकडे तुमच्या एरियाप्रमाणे बदलून घ्या.

पायरी १: रिकाम्या महिन्याची किंमत आधी काढा

हे फ्लॅट रिकामा व्हायच्या आधी करायचं, भाडेकरूने नोटीस दिली त्याच दिवशी. धरा खराडीत २ बीएचके आहे, तुमची मागणी ३०,०००. माणूस आला, बरा आहे, २८,००० म्हणतोय. आपलं डोकं लगेच म्हणतं की महिन्याला दोन हजार, वर्षाचे चोवीस, कशाला सोडायचे. आता नीट मांडा. २८ ने आज दिला तर बारा महिन्यांचे ३,३६,०००. ३० साठी एक महिना थांबलात तर अकरा महिन्यांचे ३,३०,०००. म्हणजे थांबून, एजंटचे फोन घेऊन, रविवार घालवून तुम्ही सहा हजार कमीच कमावले, आणि ते पण तीसवाला महिन्यात मिळालाच तर.

सोपा फॉर्म्युला: किती टक्के कमी मागतोय ते काढा, ३६५ ने गुणा आणि १०० ने भागा. ३० चे २८ म्हणजे ६.६७ टक्के, म्हणजे साधारण २४ दिवस. तितक्या दिवसांत पूर्ण भाडं देणारा मिळेल अशी खात्री असेल तर थांबा, नाहीतर द्या. मे-जूनमध्ये थांबण्यात अर्थ असतो, शाळा-कॉलेज सुरू व्हायची वेळ, बदल्या, नवीन जॉइनिंग, सगळं तेव्हाच असतं. डिसेंबरात कोण घर बदलतंय, तेव्हा मी तर पंधरा दिवस पण थांबत नाही.

पण इथे एक मेख आहे. भाडं कमी केलं की पुढची वाढ त्या कमी आकड्यावर होते. २८ वर पाच टक्के म्हणजे २९,४००, म्हणजे दुसऱ्या वर्षी पण तुम्ही तीसच्या खालीच. म्हणून शक्य असेल तिथे मूळ भाडं पाडू नका, एकदाच काय ते सोडा. बोलणं साधारण असं होतं:

"काका, अठ्ठावीस फायनल करा ना, आम्ही दोघंच आहोत, घर नीट ठेवू."
"भाडं तीसच राहू दे. पण तुम्ही एक तारखेला येताय, ते पंधरा तारखेपासून भाडं धरू. आणि बेडरूमला दोन पंखे आणि एक एसी पॉइंट पाहिजे म्हणालात, तो मी करून देतो."
"मग एकोणतीस तरी करा काका, एसी पॉइंट राहू दे."

आणि एकोणतीसवर होतं. एकोणतीस अधिक पंधरा दिवस फ्री असं दोन्ही मात्र द्यायचं नाही, एकच काहीतरी. पहिल्या वाक्याला "बरं चला" म्हणणारे मालक मी बघितलेत आणि मग तोच भाडेकरू आठवडाभर आणखी काय काय निघतंय ते बघत बसतो, त्याचा दोष नाही, कोणीही बघेल.

हिशोब करताना हातात किती राहतात ते पण काढा. मेंटेनन्स बहुतेक वेळा आपणच भरतो. घर भाड्याने दिलं की पुणे मनपाची स्वतः राहणाऱ्यांना मिळणारी ४० टक्क्यांची सवलत जाते, प्रॉपर्टी टॅक्सचं बिल वाढतं, हे लोकांना बिल आल्यावर कळतं. (काहीजण भाड्याने दिलेलं असून स्वतः राहतो म्हणून दाखवतात. महिन्याला काही शे रुपयांसाठी खोटं लिहून द्यायचं, मला नाही पटत.) इन्कम टॅक्समध्ये मात्र भाड्यातून मनपाचा टॅक्स वजा करून उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्तीला एक रुपया लागला काय नि लाख लागले काय, ती तेवढीच. जुन्या रिजीममध्ये लोनचं व्याज धरून जो तोटा निघतो त्यातला दोन लाखांपर्यंतचा पगारातून वळता करता येतो, नवीन रिजीममध्ये ते नाही. ज्यांनी "टॅक्स वाचतो" म्हणून फ्लॅट घेतला होता त्यांनी हा हिशोब एकदा परत मांडाच.

पायरी २: कागदाला हात लावू द्यायचा नाही

"सर, अकरा महिन्यांचंच तर आहे, शंभरच्या नाही तर पाचशेच्या स्टँपवर नोटरी करून टाकू, उगीच खर्च कशाला." हे वाक्य एजंटपण म्हणतो, भाडेकरूपण म्हणतो, आणि कधीकधी आपला मेहुणापण म्हणतो. महाराष्ट्रात नोटरीचं चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम ५५, लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरतं घर वापरायला द्यायचा करार) लेखी पाहिजे आणि रजिस्टर पाहिजे, अकरा महिने असो वा दोन. रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची, भाडेकरूची नाही. नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही असं कायद्यात लिहिलंय. पण दंडापेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. कागद रजिस्टर नसेल आणि वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते धरलं जातं, खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करेपर्यंत. म्हणजे तो म्हणाला भाडं अठरा हजार ठरलं होतं, की बसा आता पुरावे गोळा करत.

आणि खर्च किती? स्टँप ड्युटी म्हणजे पूर्ण मुदतीच्या भाड्यावर आणि डिपॉझिटच्या वर्षाला १० टक्के मानलेल्या व्याजावर पाव टक्का. २८,००० भाडं अकरा महिने म्हणजे ३,०८,०००. डिपॉझिट ८४,०००, त्याचं अकरा महिन्यांचं मानलेलं व्याज ७,७००. एकूण ३,१५,७०० चा पाव टक्का, आठशेच्या आसपास. शहरात रजिस्ट्रेशन फी १,०००. वर ऑनलाइनचे हँडलिंग चार्जेस. घरी बसून आधार आणि अंगठा लावून होतं, सबरजिस्ट्रारकडे जायची गरज नाही, ज्याला स्वतः करायचं नाही तो करून देणाऱ्याला हजारभर देतो. पंचाऐंशी लाखाच्या फ्लॅटसाठी तीनेक हजार. हा खर्च निम्मा-निम्मा वाटायचा की सगळा आपण द्यायचा यावर खुशाल तडजोड करा, चांगला माणूस असेल तर मी पूर्ण देतो.

रजिस्टर कागद असेल तर कलम २४ तुमच्या बाजूने उभं राहतं. मुदत संपली आणि तो घर सोडत नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतर राहिला तितक्या दिवसांचं दुप्पट भाडं मागता येतं. नुकतंच ओळख झालेल्या माणसाला पंचाऐंशी लाखांची वस्तू वापरायला देताना हे हातात नको का?

कागदातल्याच अजून दोन गोष्टी. एक, भाडं कमी दाखवून बाकीचं रोख, नाही म्हणजे नाही. तुम्ही मागू नका, त्याने मागितलं तरी देऊ नका. वर्षाला एक लाखाच्या वर भाडं असेल तर पगारदार माणसाला एचआरएसाठी (घरभाडे भत्त्याची सूट) मालकाचा पॅन द्यावा लागतो, "पॅन देणार नाही" म्हणणारा मालक चांगला भाडेकरू घालवून बसतो. महिन्याला ५०,००० च्या वर भाडं गेलं तर भाडेकरूला टीडीएस (भाड्यातून कापून सरकारकडे भरायचा टॅक्स) कापावा लागतो, ऑक्टोबर २०२४ पासून २ टक्के, आधी ५ होता. दोन, मालक परदेशात असेल, आणि आपल्याकडे कोथरूड-बाणेरचे कितीतरी फ्लॅट अमेरिकेत बसलेल्यांचे आहेत, तर ५०,००० ची मर्यादा लागू नाही, भाडं कितीही असो, टीडीएस तीस टक्के अधिक सेस. भाडेकरू वैतागतात, "मला ती भानगड नको" म्हणतात, मग मालक म्हणतो आईच्या अकाउंटला पाठवा, कोणाला कळतंय. ही तडजोड नको. नियम मोडल्याची जबाबदारी भाडेकरूवर पण येते. रिटर्न भरून जास्तीचं परत मिळतं, किंवा कमी दराने कापायचं सर्टिफिकेट डिपार्टमेंटकडून काढता येतं, त्याला वेळ लागतो म्हणून आधीच सीएशी बोला.

मुदत किती ठेवायची यात मात्र लवचिक रहा. अकरा महिनेच ठेवायचे असा काही नियम नाही, साठ महिन्यांपर्यंत लिव्ह अँड लायसन्स त्याच पाव टक्क्यात होतं. शाळेत मुलं घातलेली फॅमिली असेल तर ३३ महिन्यांचं करा, वाढ आतच लिहा, दोघांचा दरवर्षीचा ताप वाचतो.

पायरी ३: माणूस निवडताना, प्रकारावर सोडा, चौकशीवर नाही

फॅमिली की बॅचलर, व्हेज की नॉनव्हेज, कुत्रं आहे का, हे सगळं तडजोडीचं खातं आहे. आडनाव बघून नाही म्हणणारे अजून आहेत, त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, पण निव्वळ धंद्याच्या हिशोबाने बघितलं तरी हा मूर्खपणा आहे, गिऱ्हाईक निम्मं करून टाकायचं आणि मग मार्केट डाउन आहे म्हणून रडायचं. एका बॅचलर पोरांच्या ग्रुपने नीट ठेवून परत दिलेलं घर मी बघितलंय, आणि एका अतिशय सोज्ज्वळ फॅमिलीने परत दिलेलं पण बघितलंय ज्यांनी जाताना किचनचे बल्बसुद्धा काढून नेले.

चौकशी मात्र पूर्ण. पगाराची स्लिप किंवा ऑफर लेटर, भाडं घरात येणाऱ्या एकूण पैशाच्या साधारण एक तृतीयांशच्या आत बसतंय का. आधीच्या घरमालकाला फोन, हा फोन कोणी करत नाही आणि सगळ्यात जास्त कळतं ते इथेच, आणि आत्ताच्या नाही, त्याच्या आधीच्या मालकाला करा, कारण आत्ताच्याला ब्याद घालवायची असेल तर तो कौतुकच करणार. "डिपॉझिट पूर्ण परत दिलं का?" इतकाच प्रश्न विचारा आणि मग गप्प बसून ऐका. घरात किती जण राहणार त्यांची नावं अॅग्रीमेंटमध्ये, तीन पोरं असतील तर तिघांची. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरायची, पुण्यात ती भरावीच लागते, नाही भरली तर मालकावर गुन्हा होतो, "आम्ही साधी माणसं आहोत काका, पोलीस कशाला" याला उत्तर एकच, साधी माणसं आहात म्हणूनच पाच मिनिटांत होईल.

सोसायटीबद्दल थोडं. भाड्याने दिल्यावर सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावते, तो सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, सरकारचा ऑगस्ट २००१ चा आदेश आहे. सर्व्हिस चार्ज २,००० असेल तर २०० रुपये. काही सोसायट्या "बॅचलर चार्ज", "मूव्ह-इन चार्ज" वगैरे स्वतःच्या डोक्याने काढतात. इथे भांडायचं का? माझं मत, आदेशाची कॉपी जोडून एक पत्र द्या, पोच घ्या, आणि रक्कम किरकोळ असेल तर "निषेधासह" लिहून भरून टाका. सेक्रेटरीशी वैर घेतलं की उद्या तुमच्याच भाडेकरूची गाडी गेटवर अडते आणि पुढच्या महिन्यात तो नोटीस देतो, मग दोनशे रुपये वाचवायला अठ्ठावीस हजार घालवलेले असतात. बॅचलरना देऊच नका असा जुलमी ठराव असेल तर मात्र पत्रावर थांबू नका, सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयात तक्रार करता येते, कारण त्याने तुमचं गिऱ्हाईकच बंद होतं.

पायरी ४: डिपॉझिट

तीन महिन्यांचं मागा, दोनच्या खाली जाऊ नका. कारण साधं आहे, माणूस भाडं न देता निघून गेला तर तुम्हाला कळून पुढचं काही करेपर्यंत एक महिना गेलेला असतो, दुसऱ्या महिन्याच्या पैशात महावितरणचं थकलेलं बिल, गॅसचं बिल, रंग आणि फुटलेलं बेसिन बसवायचं असतं. चांगल्या कंपनीतला माणूस नुकताच गावाहून आलाय, एकदम चौऱ्याऐंशी हजार नाहीत, तर दोन महिन्यांचं आत्ता आणि तिसऱ्याचं दोन हप्त्यांत घ्या, कागदावर लिहून.

सोडताना "शेवटचे दोन महिने डिपॉझिटमधून वळते करा" म्हणतात. याला हो म्हणायचं असेल तर आधी घर बघून या, लाइट बिल भरल्याचं बघा, आणि एका महिन्यापुरतंच हो म्हणा. आणि रंगाचे पैसे कापायचे ते पहिल्याच दिवशी किती ते लिहा. दोन-तीन वर्षं राहिलेल्या माणसाकडून पूर्ण रंगाचे पैसे कापणं मला चुकीचं वाटतं, भिंत जुनी होतेच, त्यावर सोडून द्या.

पायरी ५: दुरुस्ती, आणि त्यात गळती

छोट्या दुरुस्तीवर वाद घालणारे मालक बघून मला हसू येतं. नळाचा वॉशर, ट्यूब, फ्लशचा फ्लोट हे भाडेकरूचं. वायरिंग, प्लंबिंग, गिझर, दरवाजा-खिडकी आपलं, आणि मधलं जे काय असेल ते हजारच्या आत असेल तर गपचूप देऊन टाकायचं. गिझर बंद पडला, डिसेंबर आहे, घरात लहान मूल आहे, आणि मालक म्हणतोय आधी मेकॅनिकला दाखवून फोटो पाठवा, कॉइल कशी जळली, खारं पाणी कोण वापरतंय. अरे, दोन-तीन हजारांचं काम आहे. तोच भाडेकरू मे महिन्यात तुम्ही वाढ मागितली की गिझर आठवणार.

गळतीचं मात्र वेगळं. खालच्या फ्लॅटवाल्याने सांगितलं की आमच्या बाथरूमच्या सीलिंगला ओल आलीय, त्या दिवसापासून घड्याळ सुरू झालं समजा. इथे तीन लोक तुम्हाला तडजोड करायला लावतात: भाडेकरू म्हणतो आत्ता बाथरूम फोडू नका, परीक्षा आहेत, प्लंबर म्हणतो सगळंच फोडावं लागेल, पन्नास-साठ हजार, आणि तुमचं मन म्हणतं पावसाळा गेला की बंद होईल. क्रम असा ठेवा. बाथरूम दोन दिवस कोरडं ठेवायला सांगा, दुसरं असेल तर ते वापरतील. कोरडं ठेवूनही खाली ओल वाढतेय म्हणजे पाइपलाइनमधून येतंय, प्रेशर टेस्ट करा. कोरडं ठेवल्यावर थांबली म्हणजे फरशीतून किंवा नहाणी ट्रॅपच्या (फरशीवरचं पाणी जिथून खाली जातं ते तोंड) कडेने. मग ट्रॅपच्या तोंडाला गोळा घालून फरशीवर इंच-दोन इंच पाणी रात्रभर साठवा. पातळी उतरली आणि खाली ओल परत आली तर फरशीचे सांधे, बंद करून ओल आली नाही आणि नुसतं ट्रॅपमधून पाणी सोडल्यावर आली तर ट्रॅपचा जॉइंट. सांधे असतील तर जुनं ग्राउट (सांध्यातला भराव) खरवडून इपॉक्सी ग्राउट भरणं हा स्वस्तातला उपाय आधी करा, दोन दिवसांत होतं, भाडेकरूला फारसा त्रास नाही, आणि पंधरा दिवस खालच्याला बघायला सांगा. थांबली तर ठीक. नाही थांबली तर मग वेळ काढायचा नाही, फरशी काढून कोबा (फरशीखालचा थर) आणि वॉटरप्रूफिंग नवीन, कमीत कमी आठ-दहा दिवस लागतात, तितक्या दिवसांचं भाडं भाडेकरूला स्वतःहून माफ करा. इथे पैशाची तडजोड तुम्ही करायची आणि कामाची अजिबात नाही. वरून केमिकल मारून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा, स्लॅबमधली सळई गंजायला लागली की मग ते दोन फ्लॅटचं काम होतं, आणि खर्च खालच्या माणसासकट तुमच्या डोक्यावर.

पायरी ६: भाडं थकलं तर

पाच तारखेपर्यंत आलं नाही तर मेसेज, दहाला फोन. कारण काहीही असो, एकदा मुदत द्यायची, पण तारीख त्याने व्हॉट्सअॅपवर लिहिली पाहिजे: "वीस तारखेला देतो." फोनवरच्या शब्दाला अर्थ नाही. वीसला नाही आलं तर लेखी नोटीस, आणि दुसरा महिना थकू द्यायचाच नाही, कारण तिसऱ्या महिन्याला डिपॉझिट संपलेलं असतं आणि तुमच्या हातात काहीच राहत नाही.

नोकरी गेली असेल, आयटीत हल्ली होतंय, तर सरळ समोर बसून बोला. "तुम्ही तीस तारखेपर्यंत घर रिकामं करून द्या, थकलेलं भाडं डिपॉझिटमधून वळतं करतो, उरलेले त्याच दिवशी अकाउंटला, रंगाचे कापत नाही." कागदावर दोघांच्या सह्या. यात आठ-दहा हजार जातील, जाऊ द्या. कायदा तुमच्या बाजूने आहे, दुप्पट भाडंपण मागता येतं, पण ते मागायला वकील, तारखा, आणि ज्याच्याकडे आज अठ्ठावीस नाहीत त्याच्याकडे उद्या छप्पन कुठून येणार?

एक गोष्ट करायची नाही ती म्हणजे लाइट-पाणी तोडणं किंवा कुलूप बदलणं. मित्रमंडळी हाच सल्ला देतील, "दोन दिवस लाइट बंद कर, पळतो बघ." पळत नाही, पोलीस स्टेशनला जातो, आणि इतके दिवस तुमची असलेली केस त्याची होते.

पायरी ७: रिन्यूअल

चांगल्या भाडेकरूला दहा टक्के वाढ सांगितली, तो पाच म्हणतोय. २८,००० वर फरक १,४०० चा, अकरा महिन्यांचे १५,४००. तो गेला तर? वीस दिवस घर रिकामं, अठरा-एकोणीस हजार. एजंटला पंधरा दिवसांचं नाहीतर महिन्याचं भाडं. रंग, डीप क्लीनिंग, किरकोळ दुरुस्ती. सगळं मिळून पन्नासच्या पुढे सहज. मग पंधरासाठी पन्नास कशाला घालवायचे, पाचवर हो म्हणा आणि पेढे खा. पण वाढ शून्य ठेवायची नाही. "चांगली माणसं आहेत" म्हणून चार वर्षं तेच भाडं ठेवणारे शेवटी मार्केटच्या वीस टक्के मागे असतात, आणि मग एकदम मागितले की तीच चांगली माणसं दुखावतात. मुदत संपायच्या दोन महिने आधी बोला. शेवटच्या आठवड्यात बोललात तर दोघंही अडकलेले असतात.

घेताना आणि विकताना

नवीन घेणार असाल तर थोडक्यात. व्ह्यू, स्विमिंग पूल, क्लब हाऊस, वरचा मजला, ब्रँडेड किचन, या सगळ्यावर पाणी सोडा, भाडेकरू त्याचे फारसे जास्त देत नाही. भोगवटा प्रमाणपत्र, टायटल, पार्किंगचं अॅलॉटमेंट आणि पाणी यावर नाही. पाणी म्हणजे एप्रिल-मेमध्ये जाऊन वॉचमनला विचारा रोज किती टँकर येतात, ब्रोशरवर विश्वास नको. किमतीत पुण्यात ७ टक्के स्टँप ड्युटी आणि ३०,००० पर्यंत रजिस्ट्रेशन धरूनच उत्पन्नाचा टक्का (वर्षाचं भाडं किमतीच्या किती टक्के) काढा, बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर ड्युटीत एक टक्का सूट आहे. हा उत्पन्नाचा टक्का लोनच्या व्याजदराच्या निम्म्यावर येतो हे माहीत असू द्या, बाकी पैसा भाव वाढण्यावर आहे आणि ती वाढ कोणी लिहून देत नाही.

आणि कधीकधी खरी तडजोड म्हणजे विकणं. हातात पडणारं भाडं किमतीच्या तीन टक्क्यांच्या आत, सोसायटी म्हातारी, लिफ्टसाठी लाख-लाखाची वर्गणी निघतेय, तुम्ही बंगळुरूला, तर धरून का बसायचं? दोन वर्षांच्या वर ठेवलेल्या घरावर नफ्याला १२.५ टक्के टॅक्स आहे. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं असेल तर इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून धरणं) लावून २० टक्के की सरळ १२.५, जे कमी पडेल ते इथे राहणाऱ्यांना निवडता येतं. दोन्ही काढून बघा, जुन्या घरांना कधी पहिलं स्वस्त पडतं.

भाडेकरू आत असताना विकायचं ठरलं तर त्याला पहिल्या दिवशी सांगा, एजंटकडून कळू देऊ नका. शेवटच्या दोन महिन्यांच्या भाड्यात तीन-चार हजार कमी करा आणि बदल्यात रविवारी अकरा ते एक घर दाखवायचं, आधी फोन करून, असं ठरवून घ्या. घेणारा स्वतः राहायला येणार असेल तर साठेखतात ताबा द्यायची तारीख भाडेकरूची मुदत संपल्यानंतर पंधरा दिवसांनी ठेवा, त्या पंधरा दिवसांत घर साफ होतं, महावितरणचं शेवटचं बिल निघतं, आणि भाडेकरूचं डिपॉझिट घेणाऱ्याच्या हप्त्यातून नाही, स्वतःच्या खात्यातून परत करा.